दाराआडचा खिळा

आज सकाळी ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेत होते. माझ्या पुढे एक गृहस्थ. टोमॅटो एका प्लास्टिकच्या पिशवीत, मेथी दुसरीत, दहा रुपयांच्या मिरच्या तिसरीत, आणि हे सगळं धरायला आणखी एक मोठी पिशवी. मावशी म्हणाल्या, "दादा, पिशव्या बंद आहेत." तर म्हणे, "मग राहू द्या." आणि निघालाच! मावशींनी त्याला परत हाक मारली, इकडेतिकडे बघितलं आणि गोणपाटाखालून पिशव्या काढल्या.

मला इतका संताप आला. अरे, २०१८ पासून या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. पकडल्यावर पहिलाच दंड पाच हजार. वीस रुपयांची जुडी धरली तर अडीचशे जुड्यांचे पैसे, तेही नफा नव्हे, नुसता गल्ला. ते त्या बाईने भरायचे, कारण तुम्हाला घरून पिशवी आणवत नाही!

आमचे बाबा आठवले. त्यांच्या जुन्या पँटची आईने पिशवी शिवली होती, कमरेच्या पट्टीचे बंद करून. नौपाड्यातल्या घरी दाराआड खिळ्याला टांगलेली असायची. बाबा चपला घालायला लागले की आतून आईचा एकच शब्द, "पिशवी?" एकदा ते विसरले, तर नाक्यावरून तसेच परत आले. पिशवी घेतली आणि पुन्हा गेले. उन्हातान्हात. आपण लिफ्टने वर जायला कंटाळतो.

मान्य, ओली मासळी कापडी पिशवीत आणता येत नाही. पण त्यासाठी वायरची पिशवी होतीच की घरोघर! नाहीतर डबा न्या. आणि दुकानात मिळते ती कापडासारखी दिसणारी पिशवी कापडाची नसते हो, पॉलीप्रॉपिलीन असतं ते. प्लास्टिकच.

२६ जुलै २००५ च्या पुरात पिशव्यांनी तुंबलेले नाले आपणच पाहिलेत ना? आणि ओहोटीच्या वेळी कोपरीच्या बाजूला खाडीवर जाऊन बघा. खारफुटीच्या मुळांना पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या असतात. २०२२ मध्ये याच ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथल्या फ्लेमिंगोंचे फोटो मात्र आपण हौसेने टाकतो.

असो. त्या मावशींवर माझा राग नाही. त्या म्हणाल्या, "ताई, नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं." काय बोलणार यावर?

मी बाबांचीच पिशवी पुढे केली. मावशींनी तळाची दुहेरी शिवण बोटाने चाचपून बघितली. "कुणी शिवली?" म्हटलं, आईने. "अशा चार शिवून देशील? कुणी रिकाम्या हाताने आलं तर दहा रुपये ठेवून घेईन, पिशवी परत आणली की पैसे परत."

आई असती तर आजच मशीनवर बसली असती. आता मी बसणार आहे. नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोडला कुणाकडे जुन्या पँट, जाड चादरी पडून असतील तर मला मेसेज करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. झिप काढायची तसदी घेऊ नका, ते मी बघते.