खुलासा : ‘राँग टर्न’ सत्यघटनेवर आधारलेला नाही

‘राँग टर्न’ (२००३) हा वेस्ट व्हर्जिनियाच्या जंगलात खरोखर सापडलेल्या नरभक्षक कुटुंबावरचा सिनेमा आहे, असा मजकूर फिरतो आहे. तो खोटा आहे. पटकथा काल्पनिक आहे आणि पडद्यावरचं जंगलही कॅनडातल्या ऑन्टारिओचं आहे.

त्याची मुळं जुन्या सिनेमांत आहेत आणि ती लपवलेलीही नाहीत. एक पात्र ‘डिलिव्हरन्स’चं (१९७२) नाव सरळ घेतं. आडवाटेचा पेट्रोल पंप आणि मृतांच्या अवशेषांनी भरलेलं घर ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ची (१९७४) आठवण करून देतं, गाडी मोडून अडकलेले प्रवासी आणि त्यांच्यावर टपलेलं कुटुंब ‘द हिल्स हॅव आइज’ची (१९७७).

गोंधळाचं मोठं कारण टेक्ससवाला सिनेमा. तो सत्यघटनेच्या थाटातल्या निवेदनाने सुरू होतो आणि १८ ऑगस्ट १९७३ ही तारीखही देतो. असं हत्याकांड टेक्ससमध्ये कधी झालंच नाही. प्रेरणा होती विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफिल्डच्या एड गीनची, ज्याला नोव्हेंबर १९५७ मध्ये अटक झाली. उकरलेली थडगी, मानवी कातडीचे मुखवटे, हाडांच्या वस्तू, एवढंच त्याच्याकडून आलं. त्याने दोन बायकांच्या खुनाची कबुली दिली. दोघींना गोळी घातली होती. साखळी-करवत नव्हती, कुटुंबही नव्हतं. आई वारल्यावर तो एकटाच राहायचा.

‘हिल्स’मागे सॉनी बीन या नरभक्षक टोळीच्या म्होरक्याची स्कॉटिश दंतकथा आहे. तिलाही समकालीन नोंदींचा आधार नाही.