आधी मागची सीट, मग ॲव्हरेज

गाडी बदलायची म्हटले की परभणीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला सबळ कारण आहे. आपल्याकडचे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येते, त्या वाहतुकीचा खर्च दरात मिसळतो, आणि म्हणून महाग पेट्रोलची बातमी आली की तिच्यात परभणीचे नाव वर्षानुवर्षे असतेच. तरीही लेक झाल्यापासून आमच्या घरी नव्या गाडीची जी चर्चा चालू आहे, तिच्यातून माझे मत असे बनले आहे की तान्हे लेकरू असलेल्या घराने ॲव्हरेजचा प्रश्न तिसरा विचारावा. त्याआधी मागच्या सीटचा विचार व्हावा आणि त्यानंतर गाडी वर्षाकाठी किती फिरणार याचा.

सध्या आमच्याकडे सात आसनी डिझेल गाडी आहे. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ती हौसेने घेतली आणि लग्नकार्याला, शेताला, पंढरपूरला तिने इमानाने सेवा दिली. आता मात्र तिचे बहुतेक फिरणे बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना, बाजार आणि माझे कनिष्ठ महाविद्यालय एवढ्यातच होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गंगाखेड, परळीमार्गे अंबाजोगाईला माझ्या माहेरी. अशा वापरासाठी पुन्हा डिझेल घेण्यात अर्थ नाही. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनुसार बनलेल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्यावर लहान डिझेल गाडी हा प्रकार बाजारातून जवळपास उठलाच आहे.

मागच्या सीटबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण घरातली सर्वांत मोठी चर्चा तिच्यावरच झाली. बाळासाठी वेगळी सीट घ्यायची, असे मी म्हणताच नाना म्हणाले, “आमची लेकरं मोटारसायकलच्या टाकीवर बसून मोठी झाली, हिला मांडीवर बसू दे की.” त्यांचे म्हणणे मायेपोटी होते, पण ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात धडक बसली तर दहा किलोच्या बाळाचा झटका क्षणभर काहीशे किलोंच्या भाराइतका होतो आणि कोणत्याही आईचे हात तो पेलू शकत नाहीत. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते, म्हणून त्याची सीट गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवतात. त्यामुळे धडकेचा जोर मानेवर न येता संपूर्ण पाठीवर विभागला जातो. अशी सीट पुढच्या आसनावर, चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नये, कारण उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. कायद्याच्या बाजूने पाहिले तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे तो कोणी भरल्याचे मी ऐकलेले नाही, ही गोष्ट निराळी.

परळीच्या रस्त्याने हंगामात रात्री जाणाऱ्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात अचानक पुढ्यात येतो आणि ब्रेक करकचून दाबावा लागतो. त्या वेळी बाळ मांडीवर असणे आणि पट्ट्यांनी बांधलेले असणे यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

मागे तोंड करून बसवलेली सीट लांबीला बरीच जागा घेते, हे मला शोरूममध्ये गेल्यावर समजले. छोट्या गाडीत ती बसवली की पुढचे आसन इतके पुढे सरकवावे लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून आम्ही शेजारच्या एका कुटुंबाकडून सीट उसनी आणली आणि गाडी पाहायला जाताना सोबतच नेली. विक्रेता सगळा वेळ माझ्या नवऱ्याशी ॲव्हरेज, टचस्क्रीन आणि सनरूफ यांवर बोलत होता. मागे बाळाजवळ कोण बसणार, आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन गाडीला थेट अडकवायचे, हूक गादीच्या फटीत कितपत हाती लागतात, मागे एसीचे झरोके आहेत का, हे त्याने स्वतःहून एकदाही काढले नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना मागे झरोके नसलेल्या गाडीत पुढच्यांना स्वेटर लागेल अशी थंडी असते आणि मागच्यांना घाम फुटतो. सनरूफचे आपल्या उन्हात काय करायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

आता हिशेब. मी वाणिज्य शिकवते, त्यामुळे हा भाग माझ्याकडे आला. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरू. पेट्रोल १०७ रुपये लिटर, डिझेल ९३ आणि सीएनजी ९४ रुपये किलो धरू. बाराचे ॲव्हरेज देणाऱ्या मोठ्या डिझेल गाडीला वर्षाला सुमारे साडेसत्त्याहत्तर हजार रुपये लागतात, प्रत्यक्षात अठराचे देणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीला साडेएकोणसाठ हजार, आणि किलोला पंचवीस किलोमीटर देणाऱ्या सीएनजी गाडीला साडेसदतीस हजार. पेट्रोल आणि सीएनजी यांतला फरक बावीस हजारांचा. एकाच गाडीचे सीएनजी रूप साधारण नव्वद हजारांनी महाग धरले, तर तो फरक भरून निघायला चार वर्षे लागतात. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत निघतील आणि त्याने सीएनजीच घ्यावी. आमचे फिरणे तेवढे नाही.

पैशांचे गणित जुळले तरी सीएनजीची दुसरी बाजू उरते. गॅस भरताना गाडीतल्या सर्वांना खाली उतरावे लागते. मे महिन्यात दुपारी लांब रांगेतून पुढे सरकत यायचे आणि नेमके पंपाजवळ झोपलेल्या बाळाला उचलून उन्हात उभे राहायचे, आणि ‘प्रेशर नाही’ म्हणून टाकी अर्धीच भरून मिळायची, हे एकट्या माणसाला चालून जाते. डिकीत सिलिंडर असल्यास बाबागाडी, गोधड्या आणि दुपट्ट्यांची पिशवी कुठे ठेवायची हा वेगळाच प्रश्न. टाटाने एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवले आहेत. ती सोय मला आवडली. पंपावरची रांग मात्र त्याने कमी होत नाही.

जाहिरातीतले ॲव्हरेज आणि आपल्या हाती पडणारे ॲव्हरेज यांत अंतर राहणारच. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. बाळाला बसवण्याआधी तापलेली गाडी थंड व्हावी म्हणून जागेवर उभी ठेवून चालवलेला एसी त्यात धरलेला नसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यासाठी तयार केलेल्या गाड्यांत ॲव्हरेज एक-दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के घटते, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितले आहे. म्हणजे ज्या उसाच्या ट्रॉल्या आपल्याला रात्री अडवतात, त्यांतलाच काही ऊस पुढे आपल्या टाकीत येतो.

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेली गाडीही पाहिली. टोयोटाच्या हायरायडरचा लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा मोहात पाडणारा आहे, पण तिच्या किमतीतला फरक आमच्या फिरण्यात दहा वर्षांतही निघणार नाही. चार्जिंगला स्वतःचे अंगण असलेल्यांनी इलेक्ट्रिकचा विचार जरूर करावा. आम्ही भाड्याच्या घरात आहोत, म्हणून ते सध्या बाजूला ठेवले.

नानांचा शेवटचा आक्षेप असा की मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी. आकारावरून तसे ठरत नाही. चार मीटरपेक्षा लहान असलेल्या टाटाच्या पंचला २०२१ मध्ये आणि मारुतीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. मुलांचे तारे वेगळे दिलेले असतात आणि तेच पाहायचे असतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यातून वाचलेल्या पैशांत बाळाची चांगली सीट सहज येते. घरच्या सात माणसांना एकत्र लग्नाला जायचे असेल, तर त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने करू, असे मी नानांना सांगितले आहे. ते अजून पूर्ण राजी नाहीत, पण जुन्या गाडीची काय किंमत येईल याची चौकशी त्यांनी जिंतूर रोडवर करून आणली आहे.

आमचा कल आता चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीकडे आहे. मागे झरोके, आयसोफिक्स आणि सहा एअरबॅग एवढे पक्के. रंग नवऱ्याच्या पसंतीचा. ज्यांनी अशा गाडीत मागे तोंड करून बालआसन बसवले आहे, त्यांनी पुढे बसणाऱ्याला किती जागा उरते ते गाडीच्या नावासह कमेंटमध्ये जरूर लिहावे.