ठासणीचा बार

तिसरीत असताना एकदा वर्गात पेंगताना सापडलो. गुरुजींनी कान धरून उभं केलं आणि विचारलं, "रात्री काय करतोस रं?" मी खरं तेच सांगितलं. "आबांसंगं शेतात असतो. आबा दारू भरतात, मी माप धरतो. मग आबा बार काढतात."

त्याच संध्याकाळी गुरुजी घरी हजर. आबा दारात बसलेले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. गुरुजींना कुठून सुरुवात करावी कळेना. शेवटी आबांनीच खुंटीवरची ठासणीची बंदूक काढून दाखवली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. चहा पिऊन जाताना मात्र हळूच म्हणाले, "एक बार काढून दाखवता का?"

राधानगरीच्या वाटेवर आमचं गाव. ऊस तोंडाशी आला की रानडुकरांची टोळी रात्री फडात शिरायची. म्हणून आजोबांच्या काळापासून शेती संरक्षणाचा परवाना आणि ही माझ्याहून उंच बंदूक. दाजीपूरच्या जंगलातनं कधीमधी गवाही यायचा, पण त्याला 1972 च्या कायद्याचं संरक्षण. आमच्या उसाला मात्र फक्त आबांचं. त्यात आबा माळकरी. जीव घ्यायचा नाही, नुसता आवाज काढायचा. त्यामुळं आमच्या बंदुकीत छरे पडलेले मी कधी बघितले नाहीत.

आवाज काढायचा म्हणजे काय सोपं होतं? आधी नळीच्या तोंडातनं मापभर दारू ओतायची. वर काथ्याचा बोळा. मग गज घालून ठासायचं, ठासत राहायचं, "अजून ठास" म्हणतील तोवर. मग घोडा अर्धा ओढून खालच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. हे सगळं काळोखात, बॅटरी माझ्या तोंडात, पायाखाली चिखल. तोवर डुकरं एक सरी खाऊन दुसऱ्या सरीला लागलेली असायची. टोपी तर हमखास चिखलात पडायची. "हुडक!" आबा कुजबुजायचे. ती कुजबुज पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची, कारण इतके बार काढून त्यांचा उजवा कान कामातनं गेला होता. डुकरं बाराला पळायची की ह्या कुजबुजीला, हे मला अजून कळलेलं नाही.

पण बार निघाला की संपलं असं नव्हे. खरं तिथनंच सुरू. ह्या दारूत सोरा 75 टक्के, कोळसा 15 आणि गंधक 10. हे मला तेराच्या पाढ्याआधी पाठ होतं. जळल्यावर तिची जी काळी राख नळीत चिकटते ती हवेतलं पाणी ओढते, आणि दोन दिवसांत लोखंडाला गंज. म्हणजे सकाळी उठून बंदूक धुणं आलं, तेही कढत पाण्यानं. आमच्याकडं बंब एकच. पहिलं पाणी बंदुकीला, उरलं तर माणसांना. नळीतनं शाईसारखं पाणी यायचं आणि अख्ख्या परड्यात नासक्या अंड्यांचा वास. गजाला चिंधी गुंडाळून मी वरखाली, वरखाली. चिंधी पांढरी निघेपर्यंत सुट्टी नाही. मग तेलाचा हात. ते तेल आईच्या खोबरेलाच्या बाटलीतलं. "तिला न्हाऊमाखू घालताय, वेणी तेवढी राहिलीय," आई म्हणायची.

निवडणुका आल्या की वेगळाच छळ. परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची. आबा बंदूक गोधडीत गुंडाळून मला घेऊन एसटीत बसायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?" आबा, "बंदूक." सगळी गाडी वळून बघायला लागली. कंडक्टरनं थोडा विचार केला आणि विचारलं, "पोराचं तिकीट?"

चाप ओढायला मिळाला तो एकदाच. खंडेनवमी होती. बंदुकीला झेंडूचा हार, नळीला हळदकुंकू. आबांनी बांधावर गोड्या तेलाचा रिकामा डबा ठेवला, दस्ता माझ्या खांद्याला लावला, मागनं स्वतः धरलं आणि म्हणाले, "ओढ." मी डोळे मिटून ओढला. नुसतं 'फट्'. टोपी फुटली, बार नाही. मी वळायला लागलो तशी मानेवर आबांची पकड बसली. "हलू नगंस! नळी तिकडंच ऱ्हाऊ दे!" त्यांच्या पोटाला टेकून मी उभा. त्यांचा श्वास कानात. आणि मग धाड! मी आबांच्यावर, आबा भुईमुगात. पांढऱ्या धुरात काही दिसेना. धूर विरला तेव्हा डबा जागच्या जागी.

"हलला थोडा," मी म्हटलं.

"हलला की," आबा म्हणाले.

2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकात नेमबाजीचं ब्राँझ मिळवलं, तेव्हा आबांना टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं होतं. प्रत्येक गोळीला ते मान डोलवत होते. "गोळी मागनंच घालतोय," मधेच म्हणाले. "ठासायचं न्हाई. टोपी न्हाई. धूर तर बघ, काडीचा न्हाई." पदक नक्की झालं, बाहेर फटाके सुरू झाले, आम्ही सगळे उभं राहून ओरडत होतो. आबा अजून त्या रायफलीकडंच बघत होते.

"पोरगं नाद खुळा हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी कुजबुज केली, "पर ती धुतोय कोण रं?"