जुनी कॉन्फिग फाइल तशीच ठेवायची? नको

इलास्टिकसर्च म्हणजे साठवलेल्या नोंदींत शोध घेणारं सॉफ्टवेअर. ते चालवणारं प्रत्येक मशीन म्हणजे नोड, एकत्र काम करणारे नोड म्हणजे क्लस्टर, आणि सेटिंग्ज लिहायची ती यमल फाइल. सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींत एक सल्ला फिरतो आहे: "इलास्टिकसर्च ७ वरून ८ वर जाताना घाबरू नका. नवं पॅकेज टाका, जुनी यमल फाइल तशीच ठेवा. नोड सुरू झाला म्हणजे सेटिंग्ज बरोबर. क्लस्टर जमला नाही तर इनिशियल मास्टर नोड्स टाका. आधी लॅपटॉपवर करून बघा. बिघडलंच तर जुनं पॅकेज परत टाका."

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या नोंदी शोधायला किंवा साताऱ्यात एखाद्या पतसंस्थेची कागदपत्रं शोधायला तीन मशीनचा क्लस्टर लावलेला असेल, तर या सल्ल्यापायी एक रविवार जाईल. शेवटचं वाक्य पाळलं तर डेटाही जाऊ शकतो. म्हणून वाक्यागणिक बघू.

"जुनी फाइल तशीच ठेवा." ती तशीही राहतेच. डेबियन-उबुंटूवर पॅकेज विचारतं आणि एंटर दाबला की जुनी फाइल टिकते. रेडहॅटच्या घराण्यात नवी फाइल 'आरपीएमन्यू' असं शेपूट लावून शेजारी ठेवली जाते आणि तिकडे कुणी बघत नाही. पण जुन्या फाइलमधली प्रत्येक ओळ नव्या आवृत्तीला ओळखता आली पाहिजे. अनोळखी सेटिंग दिसली की नोड सुरूच होत नाही, लॉगमध्ये 'अननोन सेटिंग' अशी ओळ टाकून बंद पडतो. ८ मध्ये 'डिस्कव्हरी.झेन' ने सुरू होणाऱ्या सगळ्या सेटिंग्ज गेल्या. 'डिस्कव्हरी.झेन.पिंग.युनिकास्ट.होस्ट्स' च्या जागी 'डिस्कव्हरी.सीड_होस्ट्स' (बाकीच्या नोडचे पत्ते) लिहायचं. 'मिनिमम_मास्टर_नोड्स' (मास्टर म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणारा नोड) ची ओळ काढूनच टाकायची, कारण ७ पासून बहुमताचा हिशोब क्लस्टर स्वतः ठेवतो.

'नोड.मास्टर', 'नोड.डेटा', 'नोड.इन्जेस्ट' याही गेल्या. त्यांच्या जागी ७.९ पासून आलेली 'नोड.रोल्स' ही यादी आहे. इथे एक खाच आहे. यादी लिहिली की तिच्यात नसलेली प्रत्येक भूमिका बंद होते. तिन्ही नोडवर फक्त 'मास्टर, डेटा' लिहिलं तर इन्जेस्ट पाइपलाइन (नोंद साठवण्याआधी तिच्यावर होणारी प्रक्रिया) चालवायला कुणीच उरत नाही, आणि हे अपग्रेडच्या दिवशी नाही तर पहिली नोंद येते तेव्हा कळतं. तिन्ही मशीन सगळंच काम करत असतील तर ही ओळ न लिहिणंच बरं.

"नोड सुरू झाला म्हणजे सेटिंग्ज बरोबर." जी सेटिंग फाइलमध्ये लिहिलेलीच नाही, तिची मूळ किंमत बदलली तर नोड तक्रार कशी करणार? फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ८.० पासून 'ॲक्शन.डिस्ट्रक्टिव्ह_रिक्वायर्स_नेम' मुळातच चालू असते, म्हणजे पुसताना पूर्ण नाव द्यावं लागतं, * चालत नाही. जुने इंडेक्स (नोंदींचे गठ्ठे) 'सौदे-२०२१-*' असं लिहून पुसणारा, रात्री आपोआप चालणारा क्रॉन जॉब आता एरर खातो. ती एरर वाचणारं कुणी नसतं, इंडेक्स साचत जातात, आणि डिस्क ९५ टक्के भरली की त्या नोडवरच्या इंडेक्सवर लिहिणं बंद होतं. मग तक्रार येते की सर्च बिघडला.

त्याहून मोठी गोष्ट सुरक्षेची. ७ मध्ये बेसिक लायसन्सवर सुरक्षा मुळात बंद होती, ८ मध्ये ती चालू असते. पासवर्ड आणि सर्टिफिकेट आपोआप तयार होण्याची सोय मात्र फक्त कोऱ्या इन्स्टॉलला, अपग्रेडला नाही. फाइलमध्ये 'एक्सपॅक.सिक्युरिटी.इनेबल्ड' चा उल्लेखच नसेल, तर ८ चा नोड नोडा-नोडांतल्या संवादासाठी टीएलएस (सर्टिफिकेटवर चालणारं सांकेतिक संरक्षण) मागतो आणि अडून बसतो. म्हणून हे काम ७.१७ वर असतानाच वेगळं उरकावं: सर्टिफिकेट तयार करा, तिन्ही मशीनवर ठेवा, ट्रान्सपोर्टचं, म्हणजे नोडा-नोडांतल्या संवादाचं, टीएलएस चालू करा आणि पूर्ण क्लस्टर एकदम बंद करून सुरू करा. एक नोड टीएलएसवर आणि दोन साधे असले तर ते एकमेकांशी बोलणार नाहीत, त्यामुळे इथे एकेक नोड करून भागत नाही. गळीत हंगामात कारखान्याचा सर्व्हर असा बंद ठेवायला कुणी देणार नाही. हंगामाआधीच करा.

"क्लस्टर जमला नाही तर इनिशियल मास्टर नोड्स टाका." हेही फार घातक वाक्य. 'क्लस्टर.इनिशियल_मास्टर_नोड्स' कोरा क्लस्टर पहिल्यांदा जमवण्यापुरती आहे (६ वरून ७ वर पूर्ण बंद करून जाताना एकदा लागायची). ७ वरून ८ वर जाताना ती लागत नाही, कारण क्लस्टरची ओळख डेटा फोल्डरमध्ये आधीच लिहिलेली असते. क्लस्टर जमत नसेल तर कारण सीड होस्ट्स, ९३०० पोर्ट (नोड एकमेकांशी बोलतात तो) किंवा सर्टिफिकेट यांत सापडेल. घाईत प्रत्येक मशीनवर फक्त त्याचंच नाव या यादीत लिहिलं जातं. पुढे एखाद्या मशीनची डिस्क बदलली आणि ते कोऱ्या फोल्डरवर, बाकीच्यांशी संपर्क न होता सुरू झालं, की स्वतःचा वेगळा क्लस्टर काढून बसतं. नाव तेच, पोर्ट तोच, नोंदीही घेतो. असे दोन क्लस्टर नंतर एकत्र करता येत नाहीत. तपासायला प्रत्येक नोडच्या ९२०० पोर्टवर मुख्य पान उघडा आणि 'क्लस्टर_यूयूआयडी' (क्लस्टरची ओळख) तिन्हीकडे एकच आहे का बघा. ही ओळ फाइलमध्ये राहिली असेल तर आजच काढा.

"लॅपटॉपवर करून बघा." बघायला हरकत नाही, पण १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनपुरत्या पत्त्यावर) चालणारा नोड स्वतःला डेव्हलपमेंटचा समजतो आणि सुरुवातीच्या तपासण्या नुसत्या सूचना म्हणून लिहून सोडतो. खऱ्या आयपीवर बांधला की त्याच तपासण्या अडवतात: लिनक्सची व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट ही सेटिंग किमान २६२१४४ हवी, टीएलएस हवं. चाचणी करायचीच तर दोन मशीनवर, खऱ्या आयपीवर करा. मराठी मजकुरासाठी आयसीयू प्लगइन (युनिकोड मजकूर हाताळणारी जोडणी) लावला असेल तर तो अगदी त्याच आवृत्तीचा लागतो, प्रत्येक नोडवर काढून नव्याने टाकावा लागतो. समानार्थी शब्दांची फाइलही प्रत्येक नोडवर हवी.

एकेक नोड ८ वर चढवताना: आधी ७.१७ वर या आणि 'मायग्रेशन/डेप्रिकेशन्स' ची यादी (नव्या आवृत्तीआधी बदलायच्या गोष्टींची) रिकामी करा. शार्ड (इंडेक्सचे तुकडे; मूळ तुकडा म्हणजे प्रायमरी) यांचं वाटप 'प्रायमरीज' वर आणा, नोड बंद करा, चढवा, सुरू करा, वाटप 'नल' करून पूर्ववत आणा. निवडलेला मास्टर शेवटी. पहिल्या नोडनंतर क्लस्टर पिवळाच राहिला (म्हणजे काही प्रती जागेवर नाहीत) तर घाबरू नका, नव्या आवृत्तीवरच्या प्रायमरीची प्रत जुन्या नोडवर बसत नाही.

"बिघडलंच तर जुनं पॅकेज परत टाका." नाही चालत. ८ ने उघडलेल्या डेटा फोल्डरवर ७ सुरू होत नाही. परतीची वाट एकच: अपग्रेडआधी घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची राखीव प्रत), कोऱ्या ७.१७ क्लस्टरवर उतरवलेला. ८ वर घेतलेला स्नॅपशॉट ७ वर उतरत नाही. सामायिक फोल्डरवर स्नॅपशॉट ठेवत असाल तर 'पाथ.रेपो' (त्या फोल्डरचा पत्ता) तिन्ही फाइलींत हवं, आणि एक छोटा इंडेक्स दुसऱ्या नावाने उतरवून बघितल्याशिवाय पहिला नोड बंद करू नका.