एका क्वार्टरवर पोराचा निकाल लावू नका

आज डोकं सणकलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, रस नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, राग नाही. पण आपल्या मेलबर्नच्या एसेंडन क्लबवाल्यांनी शेवटपर्यंत वाचा. तुमच्यासाठीच लिहितेय.

सकाळी टुलामरीनला गेले होते, आपल्या हँगरवर, म्हणजे क्लबच्या सरावाच्या मैदानावर. आपल्याच संघाचे दोन भाग करून सराव सामना होता. एअरपोर्ट शेजारीच, त्यामुळे डोक्यावरून सारखी विमानं. ऊन मरणाचं. कुंपणाला टेकून आपलीच मंडळी उभी होती, काळ्या जर्सीवर तांबडा पट्टा, हातात कॉफी. सीझनआधीचं, फेब्रुवारीतलं हे वातावरण मला फार आवडतं, कारण अजून कुणी हरलेलं नसतं.

त्या सामन्यात एक पोरगा होता. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याच्या नावावर आज पुरेसं लिहून झालंय. एसएसपीवाला. पुण्या-साताऱ्याच्या मित्रांसाठी सांगते: ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ज्याला कुणी घेतलं नाही, किंवा घेऊन सोडून दिलं, अशाला सीझनच्या आधी क्लब सरावाला बोलावू शकतो. यादीत जागा रिकामी असेल आणि पोरगा पसंत पडला तर करार, नाहीतर सामान उचलून घरी. 2018-19 च्या उन्हाळ्यापासून ही सोय आहे. म्हणजे उन्हाळाभर बाकीच्यांच्या बरोबरीने घाम गाळायचा, त्यांच्यासारखीच टाइम ट्रायल धावायची, आणि तरी आपण संघात आहोत की नाही हे माहीत नसायचं.

तर हा पोरगा. हाफ-बॅक. मागून बॉल उचलून पुढे पळत सुटणं, हा त्याचा खेळ. मी त्याला आधीच्या सरावात पाहिलंय, पाय काय हलतात त्याचे! आज दुसऱ्या क्वार्टरला त्याला फॉरवर्डला टाकलं. का, ते कोचला ठाऊक. पहिला मार्क, म्हणजे किकचा हवेतला झेल, सुटला. दुसऱ्या वेळी बॉल हाताला लागला, छातीवर आदळला आणि रेषेबाहेर गेला. तिसऱ्यांदा किक वाकडी.

आणि माझ्या मागून आवाज आला, तोही मराठीत: "याला कशाला आणलाय? घरी पाठवा."

बॉल लंबगोल, मैदान प्रचंड, एका बाजूला अठरा जण, अंगावर धावून येणारे सगळे सहा फुटी. त्यात तीन वेळा बॉल आला म्हणून एका क्वार्टरमध्ये पोराचा निकाल लागला. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची पसंतीची बेस्ट टीम तयार, आणि तिच्याखाली त्या पोराच्या नावावर काट.

ही काट मला चांगली माहीत आहे.

काही जणांना सांगितलंय, आज सगळ्यांना सांगते. शाळेत असताना मी खो-खो खेळायचे. जिल्ह्याच्या निवड चाचणीला तालुक्याच्या गावी गेलो होतो. मी संरक्षणातली. हुलकावणी देऊन पळत राहणं हे माझं काम, आमच्या शाळेत मला लवकर कुणी बाद करू शकायचं नाही. चाचणीला मुली भरपूर, वेळ थोडा. निवड करणाऱ्या सरांनी मला थेट पाठलागाला बसवलं. खो मिळाला, उठले, खांबाकडे धावले, सूर मारला आणि समोरची निसटली. मी तोंडावर पडले. दातांत माती, कोपर सोललेलं. वर बघितलं तर सर पॅडवरच्या यादीत माझ्या नावावर पेन्सिल ओढत होते. मी अजून उठलेही नव्हते. "पुढची."

संरक्षणाला मला उतरवलंच नाही. कुणी विचारलंच नाही की पोरी, तू खेळतेस कुठे?

माझ्याऐवजी जी गेली ती चांगली खेळायची, हे मान्य. पण मला पाहिलंच नव्हतं त्यांनी! मी वाईट खेळले म्हणून वगळलं असतं तर रडून मोकळी झाले असते.

म्हणून आज त्या पोराचा बॉल छातीवरून उडाला तेव्हा माझा हात आपोआप कोपराकडे गेला. आणि मार्क सुटल्यावर त्याने काय केलं ते तुमच्यापैकी किती जणांनी बघितलं? मी बघितलं. दोन्ही तळवे शॉर्ट्सना पुसले, मान वर ठेवली, आणि उलट्या पावली पळत जाऊन आपला माणूस धरला. बॉल त्या बाजूला येणारही नव्हता. तरी धरला. हे कुणाच्या आकडेवारीत येत नाही.

मला सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? ऑगस्टमध्ये हेच लोक ओरडतात, "पोरांना खेळवा, पोरांना खेळवा." फायनल्सची आशा संपली की सगळ्यांना नवी पोरं हवीशी वाटतात. म्हाताऱ्यांना काढा, भविष्य बघा, धीर धरा. आणि फेब्रुवारीत तीच पोरं समोर आली की एका क्वार्टरमध्ये घरी! अरे बाबांनो, पोरं चुका करायची ती केव्हा? सराव सामन्यात नाही तर मग काय मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर, एम्सीजीवर, ऐंशी हजारांसमोर? सराव सामना असतो कशासाठी? गुणफलक संध्याकाळी पुसला जातो, पॉइंट्स मिळत नाहीत. बघण्यासाठीच तर असतो तो!

आणि आपण एसेंडनवाल्यांनी तरी हे बोलू नये. निक मार्टिन विसरलात? पर्थच्या सुबियाकोकडून खेळणारा पोरगा, ड्राफ्टमध्ये कुणी हात लावला नव्हता. 2022 च्या सीझनआधी याच एसएसपीच्या दारातून आत आला. पहिल्याच राउंडला जिलाँगविरुद्ध पदार्पण, 5 गोल, 27 डिस्पोजल्स (किक आणि हँडबॉल मिळून). सामना आपण सपाटून हरलो, पण घरी जाताना सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव होतं. त्याच्याही एखाद्या सरावाच्या क्वार्टरवर कुणी काट मारली असती तर? रिचमंड या दुसऱ्या क्लबचं नाव घ्यायला जिवावर येतं, पण मार्लियन पिकेट बघा. वर्षानुवर्षं प्रत्येक क्लबने नको म्हटलेला माणूस, 2019 ला थेट ग्रँड फायनलमध्ये पहिला सामना खेळला आणि जिंकला.

हो, प्रत्येक जण निक मार्टिन निघत नाही. बहुतेक निघत नाहीत. ठीक आहे.

यादीत जागा मोजक्या असतात, कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं, हेही मला कळतं. पेन्सिल कुणाच्या तरी हातात असणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की ती ओढण्याआधी नीट बघा. त्याच्या जागेवर बघा. कुंपणाशी कॉफी पीत उभ्या असलेल्या आपल्या हातात तर ती पेन्सिल नाहीच, मग एवढी घाई कसली?

इथे एक जण म्हणाला, "ताई, प्रोफेशनल खेळ आहे, पैसे मिळतात त्यांना, ऐकून घ्यायला हवं." या पोराला अजून करारच नाही! आणि पैसे मिळणाऱ्यांना तरी लागत नाही का? आपल्या डेरेक किकेटचं काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना विचारा. 1993. कोच केव्हिन शीडींची ती कोवळी टीम, बेबी बॉम्बर्स (बॉम्बर्स हे आपलं टोपणनाव). डस्टिन फ्लेचर तर तेव्हा शाळेत होता. किकेट त्या वर्षी प्रत्येक सामना खेळला आणि ग्रँड फायनलला त्याला वगळलं. कार्लटनला हरवून आपण कप उचलला, मायकल लाँगला ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल मिळालं, शहरभर जल्लोष झाला. किकेट सिडनीला निघून गेला. निकालाने शीडी बरोबर ठरले, त्याबद्दल मी भांडत नाही. पण अख्खं वर्ष खेळलेल्या माणसाचं नाव त्या आठवड्यात यादीत नसणं ही काय चीज असते, याचा विचार करा जरा. आमच्या शाळेच्या फळ्यावर यादी लागली होती ना, तेव्हा मी ती खालून वर, वरून खाली वाचली होती. काट मारलेली डोळ्यांनी पाहिलेली असूनही वाचली. वडील एस्टीने मला न्यायला आले होते. त्यांनी काही विचारलं नाही, माझी पिशवी घेतली फक्त.

असो. थोडं शांत होऊन लिहिते.

तुमच्या रागाचं मूळ मला कळत नाही असं नाही. 2004 मध्ये मेलबर्नला हरवलं, ती आपली शेवटची जिंकलेली फायनल. त्यानंतर वीस वर्षं उलटून गेली. तेव्हा जन्मलेली पोरं आज स्वतः ड्राफ्ट होऊन खेळतात. दरवर्षी फेब्रुवारीत आशा आणि ऑगस्टमध्ये तोंड लपवणं. 2025 ला तर दुखापतींनी संघ असा पोखरला की दर आठवड्याला नवा चेहरा. माणूस चिडणारच. पण ज्याचा या वीस वर्षांशी काडीचा संबंध नाही, त्या पोरावर का काढायचं?

मी या क्लबच्या मागे लागले ते 2016 ला. आठवतंय ना ते वर्ष? जानेवारीत सप्लिमेंट्सच्या डोपिंग प्रकरणाचा निकाल आला आणि आपले 12 खेळाडू वर्षभरासाठी बाहेर. सीझन तोंडावर आणि संघच नाही. मग 10 टॉप-अप, म्हणजे तात्पुरते भरतीचे, खेळाडू गोळा केले. कुणी निवृत्त झालेला, कुणी दुसऱ्या क्लबने सोडलेला. जेम्स केली तर जिलाँगहून निवृत्ती घेऊन बसला होता, तो बूट घालून परत आला. सगळं वर्ष मिळून 3 सामने जिंकलो, तळाला राहिलो. मी तेव्हा या देशात नवखी होते, नियम निम्मे कळत नव्हते, आणि शेजारच्या आजी मला सामन्याला घेऊन जायच्या. पन्नास गुणांनी मागे असतानाही त्या प्रत्येक टॉप-अपवाल्याच्या नावाने टाळ्या वाजवायच्या. मी विचारलं, एवढ्या कशाला? म्हणाल्या, आपण बोलावलं तेव्हा ही माणसं आली ना.

त्या आजींमुळे मी एसेंडनची झाले. जिंकणारा संघ हवा असता तर तेव्हा हॉथॉर्न होतं, सलग तीन कप घेतलेलं. अशा क्लबच्या कुंपणाशी उभं राहून, आपणच बोलावलेल्या पोराला "घरी पाठवा" म्हणायचं? तेही त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून? मराठी त्याला कळली नसेल, पण सूर सगळ्यांना कळतो. त्याने वळून बघितलं होतं. मी बघितलं त्याला वळताना.

आणि ज्याने हे म्हटलं त्याला माझं उघड सांगणं आहे (तू वाचतोयस, मला माहितीये): तुझा मुलगा अंडर-14 ला खेळतो. परवा त्याला सराव सामन्यात अर्धा वेळ बेंचवर ठेवलं तर तू कोचशी जाऊन बोललास, "त्याला त्याच्या जागेवर खेळवा ना." बरोबर बोललास! मी तिथेच होते आणि मनातून म्हटलं, माझ्या वेळी कुणी असं बोललं असतं तर. मग दुसऱ्याच्या पोराला तोच न्याय का नाही? त्याचेही आईबाप कुठेतरी फोन हातात घेऊन बसले असतील, करार झाला का विचारत.

आता निवडीचं. कारण नुसती तळमळ नको, मुद्द्याचंही बोलायला हवं.

माझ्या मते पुढच्या सराव सामन्यात त्याला हाफ-बॅकला उतरवावं, आणि पूर्ण चार क्वार्टर. फॉरवर्डला अजिबात नको, ती त्याची जागा नाही. विंगवर टाका असं काही जण म्हणतायत, त्यालाही माझा विरोध आहे. विंगला दोन्ही टोकांना धावण्याचा दम लागतो, तो त्याच्यात एक पूर्ण प्रीसीझन अंगावर घेतल्यावर येईल. मागे ठेवा, समोर मोकळी जागा द्या, बॉल त्याच्याकडे सरकवा आणि बघा. त्याच्या बाजूला एखादा जाणता डिफेंडर ठेवा, जो ओरडून सांगेल कधी सोडायचं आणि कधी धरायचं. त्यासाठी आपल्या ठरलेल्या हाफ-बॅकपैकी एकाला अर्धा सामना विश्रांती द्यावी लागेल. द्या. राउंड 1 ला तो हवाच आहे, त्याचे पाय आत्ताच कशाला झिजवायचे?

एवढं करून तो कमी पडला तर खालच्या लीगमध्ये, व्हीएफएलमध्ये, खेळू दे, किंवा करार देऊ नका. मी एक अक्षर बोलणार नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली लिहा, जरूर भांडा, मी रात्रभर जागी आहे. फक्त लिहिताना आधी सांगा की त्याला हाफ-बॅकला खेळताना पाहिलंय का. पाहिलं नसेल तर आधी बघून या.