वही मागितली, कारण मंडळी आपली आहे

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

चर्चच्या छपराच्या पत्र्यांच्या हिशेबावरून आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, जो वाद झाला त्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. मंडळीचं भांडण चव्हाट्यावर मांडून मी बाहेरच्यांना हसायला कारण दिलं, आणि जिथे गुडघे टेकायचे तिथे हिशेबाची वही मागितली, हा तुमचा राग आहे.

एक गोष्ट आधी मान्य करतो. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात भावाकडे आधी एकट्याने जायला सांगितलंय. मी खजिनदारांच्या घरी गेलो नाही, थेट लिहून मोकळा झालो. लेख आल्यावर गेलो. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. ती चूक माझी, त्यांची क्षमा मागितली आहे.

पण वहीऐवजी प्रार्थना, हे मला पटत नाही. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय सहा काढून बघा. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं, अशी कुरकुर झाली. येशूच्या बारा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सगळी मंडळी बोलावली आणि सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, निकलाव... सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. प्रार्थना तिथे आहेच. तक्रार ऐकून, माणसं निवडून झाल्यावर त्यांच्यावर हात ठेवून केलेली. मला हा अध्याय फार जवळचा वाटतो.

मतभेद म्हणजे सैतानाचं काम, असंही तुम्ही लिहिलंत. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून उभी राहिली, पण त्याची बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली होती. एकेचाळीस वर्षं! बाप्तिस्म्याचाच, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याचाच, प्रश्न घ्या. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, तर बाप्टिस्ट आणि ब्रदरेन म्हणणार की कळत्या वयात स्वतः कबुली दिल्याशिवाय नाही. कोणी कोणाला खोटं ठरवलं नाही. दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये मान्य झाल्या. सगळे आले असंही नाही. अमेरिकन मिशनच्या परंपरेतले मेथॉडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, ते आजही वेगळे आहेत. माझी धाकटी बहीण त्याच घरात दिली आहे आणि नाताळला आम्ही एका ताटात जेवतो.

आता आपल्या छपराच्या पत्र्यांचं. त्या वादापायी अकरा महिने चर्चमधले डावीकडचे बाक रिकामे होते. सख्ख्या जावा दोन दारांनी आत येत होत्या. शेवटी एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी वही टेबलावर ठेवली आणि एकेक नोंद मोठ्याने वाचली: पत्रे, खिळे, वाहतूक, हमाली. अडीच तास लागले. तीन पावत्या सापडल्या नाहीत. खजिनदार उभे राहिले आणि म्हणाले, "त्या माझ्याकडून हरवल्या." मागच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "मग हे आधीच सांगायचं होतंत, बाबा." बस, एवढंच. कोणी ओरडलं नाही.

सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. त्या तीन पावत्यांची रक्कम कशी भरून काढायची, यावर अजून दोन मतं आहेत. पण पुढच्या प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, त्या दोन्ही जावा एका रांगेत होत्या, आणि थोरलीने धाकटीला पुढे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अकरा महिने आपण प्रार्थना करतच होतो, बंधू. प्रत्येकजण आपापल्या बाकावरून.

येत्या रविवारी दफनभूमीच्या कुंपणाचा हिशेब वाचायचा आहे. तुम्ही या. मला इथे जे विचारलंत ते तिथे सगळ्यांसमोर विचारा. मी तुमच्या शेजारी बसेन.