नानासोबत एक चिठ्ठी आली असती तर...

नाना आमच्या घरी आला आणि तीन दिवस जेवला नाही.

नाना म्हणजे लॅब्राडोर. दातांची झीज आणि डोळे बघून डॉक्टरांनी दहाच्या आसपास वय सांगितलं. जुलैतल्या एका पहाटे शेल्टरच्या फाटकाला नायलॉनच्या दोरीने बांधलेला सापडला. धो धो पाऊस, शेजारी स्टीलचं भांडं, त्यात पावसाचंच पाणी. गळ्यात पट्टा होता, पण त्यावर नाव नव्हतं. फाईल नाही, लस कधी दिली त्याचा कागद नाही. 'नाना' हे नाव वॉचमनकाकांनी ठेवलं. गावाकडचे त्यांचे नाना ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे, तसाच हा फाटकाकडे बघत बसायचा.

मी गेली सहा वर्षं दर रविवारी तिथे जाते. आंघोळी घालणं, गोचिड्या काढणं, फिरवून आणणं, पडेल ते काम. पिल्लांची केनेल्स बघता बघता रिकामी होतात. नानासमोर लोक थांबायचे, "किती गोड आहे" म्हणायचे, वय विचारायचे आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळायचे. सात महिने मी हे बघितलं. फेब्रुवारीत ह्यांना म्हटलं, आता मला रविवारी संध्याकाळी त्याला तिथे ठेवून घरी येववत नाही. हे म्हणाले, मग नको ठेवूस.

तर ते तीन दिवस. पहिल्या दिवशी वाटलं, नवीन घर आहे, बावरला असेल. दुसऱ्या दिवशी चिकन-भात, दहीभात, उकडलेलं अंडं, सगळं करून बघितलं. तो भांड्याजवळ यायचा, उभा राहायचा, तोंडातून लाळ गळायची, माझ्याकडे बघायचा आणि मग जाऊन कोपऱ्यात पडायचा. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेला. रक्त, क्रियॅटिनिन, लिव्हर, सोनोग्राफी. वयाच्या मानाने सगळं ठीक. सलाईन लावलं. शेल्टरला फोन केला, तर तिथले दादा म्हणाले, "ताई, तो इथेही दिवसा नाही खायचा. रात्री भांडं आत राहिलं तर सकाळी रिकामं दिसायचं."

चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्याच मजल्यावरच्या भाभी डबा परत द्यायला आल्या. नाना भांड्याजवळ उभा होता. मी भाभींना सगळं सांगत होते, तेवढ्यात त्या सहज खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "खाई ले, दीकरा."

त्याने मान खाली घातली आणि अख्खं भांडं चाटून पुसून साफ केलं.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. भाभीही रडल्या. मग त्या एकेक शब्द बोलत गेल्या. "बेस" म्हटलं, बसला. "आव" म्हटलं, आला. चार दिवस आम्ही "सिट", "बैठ", "ये रे बाळा" करत होतो आणि तो आमच्या तोंडाकडे बघत होता. ह्यांना तर वाटलं होतं की त्याला ऐकूच कमी येतं.

म्हणजे दहा वर्षं तो एका गुजराती बोलणाऱ्या घरात होता. सांगितल्याशिवाय अन्नाला तोंड लावायचं नाही, हे तिथे कोणीतरी त्याला प्रेमाने शिकवलं होतं, दीकरा, म्हणजे बाळा, म्हणून. आणि त्याच घरातून तो फाटकापर्यंत आला तेव्हा त्याच्यासोबत हे दोन शब्दसुद्धा आले नाहीत. सात महिने तो कोणीतरी परवानगी देईल म्हणून भांड्याजवळ उभा राहिला आणि आम्ही त्याच्या फाईलवर लिहिलं, 'भूक कमी'.

आता मला जे म्हणायचं आहे ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्यांनाही कदाचित नाही.

कुत्रा सोडायला निघालेल्या माणसाला शिव्या देणं आपण थांबवलं पाहिजे.

मी स्वतः दिल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी एका मुलाचा फोन आला. नऊ वर्षांची कुत्री, वडील वारले, आई मुलीकडे राहायला जाणार, तो स्वतः नोकरीसाठी बाहेरगावी. काय करू, असं विचारत होता. मी त्याला पाच मिनिटं ऐकवलं. नऊ वर्षं तिने तुमची राखण केली, आता आईला टाकाल का असं, वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. रात्री मलाच वाईट वाटलं म्हणून उलट फोन केला, तर बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. त्या कुत्रीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. तिचं नाव विचारायचंसुद्धा मी विसरले होते.

आपल्या दत्तक देण्याघेण्याच्या ग्रुपवर कोणी लिहिलं की 'आठ वर्षांचा कुत्रा आहे, घर हवं आहे', की खाली काय काय येतं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलं आहे. निर्दयी, राक्षस, तुमची मुलं तुम्हाला वृद्धाश्रमात टाकोत. तो माणूस पोस्ट काढून टाकतो. कुत्रा तर त्याला तरीही ठेवता येणार नसतो. मग पहाटे चार वाजता, कोणी बघत नसताना, फाटकाला दोरी बांधली जाते. चिठ्ठी ठेवली तर पकडले जाऊ, म्हणून चिठ्ठी नाही. नानाची दोरी अशीच बांधली गेली असणार, असं मला वाटतं.

कायदा आहे, हे मला माहीत आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली, उपासमारीची वेळ येईल अशा अवस्थेत विनाकारण प्राणी सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. तो वाढायलाच हवा. पण दंड वाढला तरी पहाटे चारचा अंधार आहेच.

आणि माणसं कुत्री का सोडतात, हे एकदा शांतपणे ऐकून घ्या. हौस फिटली म्हणून सोडणारे आहेत, त्यांच्याविषयी मला काडीची सहानुभूती नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विरंगुळा म्हणून पिल्लं आणली आणि ऑफिसं सुरू झाल्यावर जड झाली, असे लोक मी पाहिलेत. पण म्हातारी कुत्री येतात ती बहुतेक वेगळ्या घरांतून. मुंबईत आज जिथे तिथे पुनर्विकास चालू आहे. बिल्डिंग पाडली, भाड्याच्या घरात जायचं, आणि भाड्याचं घर शोधताना कुत्रा आहे म्हटलं की एजंट फोन ठेवतो. सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. ते परिपत्रक मी कितीतरी जणांना पाठवलं. पण घरमालकाने 'नाही' म्हटलं तर तो कागद दाखवून घर मिळत नाही.

दुसरं कारण मला जास्त छळतं. मुलं परदेशी, आईबाबा एकटे, म्हणून त्यांना सोबत हवी म्हणून पिल्लू आणून दिलं जातं. अडुसष्टाव्या वर्षी पिल्लू. ते पायात येतं, चपला फाडतं, दर दोन-तीन तासांनी खाली न्यावं लागतं. तरीही आजीआजोबा त्याला जीव लावतात. मग आजोबा एकोणऐंशीचे होतात, पडतात, कंबरेचं ऑपरेशन होतं, आणि कुत्रा तेव्हा अकरा वर्षांचा असतो. हा हिशेब पहिल्या दिवशीच दिसत होता, पण कोणी मांडला नाही. त्या आईबाबांना आठ वर्षांची कुत्री आणून द्या ना. ती दिवसातले बरेच तास झोपते, शी-शू कुठे करायची तिला ठाऊक असतं, जिना चढताना ती तुमच्याच वेगाने चढते.

गिरगावातले एक आजोबा मला गेल्या वर्षी भेटले. पत्नी गेल्या, स्वतःचं हृदयाचं दुखणं, मुलगी पुण्याला न्यायला आलेली, पण नातवाला दमा. घरात अकरा वर्षांची पांढरी पॉमेरेनियन, चिनू. या वेळी मी तोंड बंद ठेवलं. फक्त म्हटलं, काका, मला दोन महिने द्या, तोवर तिला इथेच राहू दे, आणि ती कशी आहे ते लिहून द्या. त्यांनी फुलस्केपची दोन पानं लिहून दिली, सुवाच्य, तारखेसकट. लसींचं कार्ड पिन केलेलं. 'गाजर आवडते. पावसात बाहेर जात नाही, छत्री धरावी. डाव्या कानाला हात लावलेला चालत नाही, पूर्वी जखम होती. संध्याकाळी सातच्या सुमारास दाराशी जाऊन बसते, हिची येण्याची वेळ. पाच मिनिटे बसू द्यावे.'

पार्ल्यातल्या एक निवृत्त शिक्षिका ते वाचून तयार झाल्या. फोटो बघून नाही, ती पानं वाचून. चिनू शेल्टरची पायरी न चढता एका घरातून दुसऱ्या घरात गेली. डाव्या कानाला कोणी हात लावला नाही, म्हणून ती कोणाला चावली नाही. फाटकाला बांधलेली आली असती तर पहिल्या आंघोळीला चावली असती, कागदावर 'चावरी' लागलं असतं, आणि चावरी म्हातारी कुत्री कोण नेतो?

म्हणून कोणावर अशी वेळ आलीच, तर हे लिहून द्या: नाव, आणि घरात खरं काय म्हणून हाक मारता ते. कोणत्या भाषेत बोलता. जेवणाची वेळ आणि पद्धत. कशाला घाबरतो, फटाके की कुकरची शिट्टी. कुठे झोपायची सवय आहे. झालेले आजार, चालू औषधं. कधी कोणाला चावला असेल तर तेही, कारण लपवलं तर त्याची शिक्षा त्यालाच होते. आणि अंगावरचं एखादं जुनं पांघरूण सोबत द्या, न धुता. दोन महिने आधी सांगा, दोन दिवस आधी नाही.

घेणाऱ्यांनाही सांगते, कारण लोक मला विचारतात की म्हाताऱ्या कुत्र्याचं करावं काय लागतं. टाइल्सवर पाय घसरतात, म्हणून आम्ही हॉलभर रबरी मॅट टाकल्या, आणि नाना दुसऱ्याच दिवसापासून घरभर फिरू लागला. डोळ्यांत निळसर झाक दिसली म्हणजे मोतीबिंदूच असं नाही, वयाने भिंग घट्ट होतं, दिसत असतं. रात्री उठून येरझाऱ्या घालत असेल, कोपऱ्यात तोंड करून उभा राहत असेल, तर मेंदूचं म्हातारपण असू शकतं, डॉक्टरांना सांगा. सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, जिवावर बेततं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय आहे, मुंबईत निदान उपचारांची सोय नाही असं म्हणता येत नाही. आणि पहिले तीन महिने कुठलाही निष्कर्ष काढू नका. मी तीन दिवसांत सोनोग्राफी करून बसले होते.

किती जगेल, हे सगळेच विचारतात. लॅब्राडोर साधारण १० ते १२ वर्षं जगतो. नाना वर्ष-दोन वर्षं असेल, कदाचित तीन. मला माहीत होतं, माहीत असूनच आणला. रोज सकाळी सहाला तो पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकवून ह्यांच्याकडे बघतो. ह्यांचं चालणं डॉक्टरांनी दहा वर्षं सांगून सुरू झालं नव्हतं, ते आता रोज होतं.

सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानंतर रस्त्यावरच्या कुत्र्यांवर इतकं भांडण झालं. त्या आदेशात एक ओळ होती, की प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून भटकी कुत्री दत्तक घेता येतील, मात्र ती पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नयेत. दत्तक घेणाऱ्यांनी पुढे यावंच. पण शेल्टरवर भार वाढला की आधी कोणाची जागा जाते, तर जी सात-सात महिने कोणी नेत नाही त्यांची. म्हणून म्हातारी कुत्री शेल्टरपर्यंत पोचण्याआधीच घरून घरी गेली पाहिजेत. आणि त्यासाठी देणारा माणूस दिवसाढवळ्या, नाव सांगून, आपल्याशी बोलू शकला पाहिजे.

माझं वय अठ्ठावन्न, ह्यांचं त्रेसष्ट. नानाची दोन पानं मी लिहून फ्रिजवर लावली आहेत. भाभींनी त्यातले गुजराती शब्द तपासून दिले.

शेल्टरमध्ये सध्या एक बारा वर्षांची देशी कुत्री आहे, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. रिकाम्या घरात सापडली, बिल्डिंग खाली करून सगळे गेल्यावर. नसबंदी, लसी झाल्या आहेत. मागच्या पायांत थोडा अशक्तपणा आहे, औषध चालू आहे. मांजरींना काही करत नाही. पोळी दिली की लगेच खात नाही, आधी तोंडात धरून कोपऱ्यात नेते. स्कूटर थांबल्याचा आवाज आला की उठून उभी राहते. तिच्याविषयी आम्हाला एवढंच कळलं आहे. कोणाला ती ओळखीची वाटली तर मला इनबॉक्स करा, कोणी काही विचारणार नाही, फक्त तिचं नाव सांगा. आणि कोणाला हवी असेल तर मुंबईत कुठेही मी स्वतः आणून सोडेन.